चेहरा जसा होता तसा

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मासिकात चित्रकारावर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. तोही अमेरिकन चित्रकार, आणि तोही लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढणारा! प्लेसमेंट, मेसचं जेवण, पहिला पाऊस असे हक्काचे विषय सोडून हा कुठे निघाला?

तरीही लिहितोय, कारण एक मुद्दा बरेच दिवस डोक्यात आहे. माणसाचा चेहरा नीट न बघता काढणं, किंवा काढल्यावर तो आपल्या सोयीने गोरा-गुळगुळीत करणं, हा त्या माणसाचा अपमान आहे. मग त्या चित्राला आपण कितीही मोठा हार घालू दे. हा मुद्दा मला ज्याच्या कामातून स्पष्ट झाला, तो चित्रकार म्हणजे जेरी पिंकनी.

पिंकनी १९३९ साली फिलाडेल्फियात जन्मला. कृष्णवर्णीय कुटुंब, मध्यमवर्गालाही न पोचलेलं. डिस्लेक्सियामुळे वाचन जड जायचं, पण चित्रकला उत्तम. शाळकरी वयात तो पेपरच्या स्टॉलवर काम करायचा आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रं काढायचा. ती एका व्यावसायिक व्यंगचित्रकाराच्या नजरेस पडली आणि पोराला कळलं की चित्रं काढून पोटही भरता येतं. पुढे शिष्यवृत्तीवर कला महाविद्यालय, मग बोस्टनला ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीत नोकरी. १९६४ साली पहिलं पुस्तक आलं, पश्चिम आफ्रिकेतल्या कोळ्याच्या लोककथांचं. कोळी म्हणजे जाळं विणणारा, मासे पकडणारा नव्हे! तिथपासून २०२१ साली वारेपर्यंत त्याने शंभराच्या वर पुस्तकांना चित्रं दिली.

या सगळ्या कामात दोन गोष्टी सतत दिसतात. एक, प्राणी. सिंह, उंदीर, ससे, कोल्हे, बदकं. दुसरी, इतिहासातली कृष्णवर्णीय माणसं. पहिल्यांदा वाटतं की हे दोन वेगळे धंदे आहेत, एक पोटासाठी आणि एक मनासाठी. माझं म्हणणं असं आहे की हे एकच काम आहे. कसं, ते सांगतो.

आधी माणसांचं बघू. १९७८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने कृष्णवर्णीयांच्या वारशावर तिकिटांची मालिका सुरू केली. दर वर्षी एक तिकीट. पहिलं तिकीट होतं हॅरिएट टबमनचं, किंमत १३ सेंट. अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. चित्र पिंकनीचं. त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग, बेंजामिन बॅनेकर, व्हिटनी यंग, जॅकी रॉबिन्सन, स्कॉट जॉप्लिन, कार्टर वुडसन, मेरी बेथ्यून आणि १९८६ साली सोजर्नर ट्रुथ. नऊ वर्षं, नऊ तिकिटं, सगळी पिंकनीच्या हातची.

टबमन कोण? मेरीलँडमध्ये १८२२च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेली बाई. १८४९ साली एकटी पळाली आणि फिलाडेल्फियाला पोचली. सुटली होती, तिथेच राहू शकत होती. पण ती परत गेली. एकदा नव्हे, सुमारे तेरा वेळा. रात्रीचं चालत, दिवसा लपत तिने सत्तरएक माणसं बाहेर काढली. यादवी युद्धात १८६३ साली दक्षिण कॅरोलायनातल्या कोंबाही नदीवर जो छापा घातला गेला त्याची वाट दाखवणारी तीच, आणि त्या एका छाप्यात सातशेहून जास्त गुलाम सुटले.

अशा बाईला तिकीट मिळायला १९७८ का उजाडावं लागलं, हा एक प्रश्न. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की त्याआधी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाचं चित्र म्हणून लोकांनी काय बघितलं होतं? साबणाच्या वेष्टनावर, मासिकांत, मुलांच्या पुस्तकांत, नाटकांच्या पोस्टरवर जे छापलं जायचं ते एका साच्यातून काढल्यासारखं होतं. फुगवलेले ओठ, वटारलेले डोळे, माकडासारखे हात. काढणाऱ्याने कुठल्याही खऱ्या माणसाकडे बघितलेलं नसायचं. आधीच्या चित्रावरून पुढचं चित्र, त्यावरून त्याच्या पुढचं.

थोडक्यात, जीटी!

जीटी म्हणजे काय हे होस्टेलवर सांगायला नको. ज्या सर-मॅडमना माहीत नाही (असं ते दाखवतात) त्यांच्यासाठी: खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची ईडीची शीट, तिच्यावर कोरी शीट. रेषा कागदावर उतरते, ऑब्जेक्ट डोक्यात उतरत नाही. व्हायवाला सर बोट ठेवून विचारतात, "ही हिडन लाइन कसली रे?" आणि तिथे कळतं की काढणाऱ्याने वस्तू बघितलेलीच नाही. फरक एवढाच, की आपल्या शीटवरचा ठोकळा तक्रार करत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र शंभर वर्षांच्या जीटीतून एका अख्ख्या समाजाचा खोटा चेहरा तयार झाला, आणि त्या चेहऱ्याकडे बघून लोकांनी ठरवलं की ही माणसं आपल्यासारखी नाहीत.

ही गोष्ट ज्यांच्यावर बीतत होती त्यांना तेव्हाच कळली होती. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला वक्ता आणि संपादक. त्याने १८४९ सालीच लिहून ठेवलं की गोऱ्या चित्रकारांच्या हातून आमचं निःपक्षपाती चित्र निघणं अशक्यच आहे. मग त्याने काय केलं? फोटो काढून घेतले. नवीन तंत्रज्ञान होतं, कॅमेरा साच्यातून काढत नव्हता. एकोणिसाव्या शतकात सगळ्यात जास्त फोटो निघालेला अमेरिकन माणूस म्हणून अभ्यासक त्याचंच नाव घेतात. १६०च्या आसपास वेगवेगळे फोटो सापडलेत. लिंकनपेक्षा जास्त! आणि त्यातल्या बहुतेकांत तो हसत नाही. आनंदी गुलाम नावाच्या चित्राला त्याला काही खाद्य पुरवायचं नव्हतं. सोजर्नर ट्रुथ तर स्वतःच्या फोटोंची कार्डं विकून खर्च भागवायची. फोटोत ती चष्मा लावून, पांढरी शाल घेऊन, विणकाम हातात धरून बसलेली दिसते. कसं दिसायचं ते तिने स्वतः ठरवलं.

आता आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. तिसरं तिकीट, १९८०चं, बेंजामिन बॅनेकरचं आहे. बॅनेकर १७३१ साली जन्मला, स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, शाळा नावापुरती. विशीत असताना त्याने एक खिशातलं घड्याळ उघडून बघितलं आणि त्यावरून लाकूड कोरून ठोके देणारं मोठं घड्याळ बनवलं. ते त्याच्या मरणापर्यंत चालत होतं. उतारवयात स्वतः गणित शिकून ग्रहणांची गणितं मांडली आणि १७९२ ते १७९७ या वर्षांची पंचांगं छापली. १७९१ साली वॉशिंग्टन शहरासाठी जागा आखायची होती, प्रत्येक बाजू दहा मैल असलेला चौरस. त्या सर्व्हेचा प्रमुख अँड्र्यू एलिकॉट, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्याबरोबर आकाशातले वेध घेणारा मदतनीस म्हणजे साठीला टेकलेला बॅनेकर. त्याच वर्षी त्याने थॉमस जेफरसनला पत्र लिहून सरळ विचारलं, की सगळी माणसं समान म्हणणारे तुम्ही, मग गुलाम कसे काय ठेवता?

पण या बॅनेकरचा चेहरा कसा होता? फोटो असणं शक्यच नाही, तो १८०६ साली वारला. त्याच्या हयातीतलं म्हणून दाखवलं जातं ते एक चित्र, १७९५च्या पंचांगावरचा लाकडी ठसा. तो कोणी कोरला, समोर बसवून कोरला का, काही कळत नाही. त्यात माणूस तरुण दिसतो, आणि बॅनेकर तेव्हा साठी ओलांडलेला होता. म्हणजे चित्रकाराच्या हातात आधार जवळजवळ शून्य.

अशा वेळी सोपं काय? वाटेल तो चेहरा काढायचा आणि खाली नाव टाकायचं. पिंकनीचं तिकीट बघा. मोठा चेहरा आहेच, पण त्याच्या पुढ्यात तोच बॅनेकर तिवईवर बसवलेल्या दुर्बिणीमागे उभा आहे, आणि ती दुर्बीण एलिकॉटने वापरलेल्या यंत्राच्या जातीची आहे. आजचं टोटल स्टेशन नाही, सिनेमातली समुद्री चाच्याची दुर्बीणही नाही. चेहऱ्याची खात्री नसेल, तर ज्याची खात्री आहे ते तरी अचूक काढायचं. माणसाला त्याच्या कामातून ओळखता आलं पाहिजे. आणि हे सगळं कुठे? दोन बोटांत मावणाऱ्या कागदावर. ज्यांनी कधी छोट्या स्केलवर डिटेल काढलंय त्यांना यातली मेहनत समजेल.

इथे आणखी एक गोष्ट सांगतो. बॅनेकरबद्दल अशी दंतकथा आहे की वॉशिंग्टनचा नकाशा घेऊन मूळ आराखडाकार निघून गेला, आणि बॅनेकरने तो सगळा आठवणीतून परत काढला. ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. ज्याचं खरं काम इतकं मोठं आहे त्याला खोट्या गोष्टीची गरज काय? आपल्याकडेही थोरांच्या बाबतीत हे चालतंच. प्रेमापोटी केलेली भेसळ ही पण भेसळच.

आता प्राण्यांकडे वळू. गुलामांबरोबर आफ्रिकेतून ज्या गोष्टी अमेरिकेत पोचल्या त्यांत सशाच्या गोष्टी होत्या. लहानसा, ताकद नसलेला ससा डोकं लढवून कोल्ह्याला आणि अस्वलाला बनवतो. पंचतंत्रातला सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा आठवतोय ना? त्याच्याच जातकुळीतला. मळ्यावर मुकादमासमोर मालकाबद्दल बोलणं म्हणजे पाठीवर फटके. कोल्ह्याबद्दल बोलायला मात्र बंदी नव्हती. ऐकणाऱ्यांना कळायचं कोल्हा कोण ते. या गोष्टी १८८० साली जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने पुस्तकात आणल्या, पण सांगणारा म्हणून त्यात मालकाच्या घरावर खूश असलेला एक प्रेमळ म्हातारा घातला. गोष्टी वाचल्या, पण बदनामही झाल्या. शंभर वर्षांनी, १९८७ साली, ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने त्या नव्याने सांगितल्या आणि चित्रं काढली पिंकनीने.

ही चित्रं काढायला त्याने काय केलं माहितीये? स्वतः ढगळ पँट आणि बंडी घालून सशासारखा उभा राहिला, कोल्ह्यासारखा वाकला, आणि त्याचे फोटो काढून घेतले. मग त्या उभं राहण्यावरून ससा काढला. एक प्रौढ, नामवंत चित्रकार घरात ससा होऊन नाचतोय, हे डोळ्यांसमोर आणा! पण त्यामुळेच त्याच्या सशाचे पाय जमिनीवर टेकतात, त्याच्या खांद्यात वजन आहे.

२००९ साली त्याने 'सिंह आणि उंदीर' काढलं. आपल्या इसापनीतीतलीच गोष्ट. पुस्तकात प्राण्यांचे आणि आजूबाजूचे आवाज सोडले तर एक शब्द नाही. गोष्ट त्याने आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवतात नेऊन ठेवली, जिथे सिंह खरोखर राहतो. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही, फक्त सिंहाचा चेहरा. मलपृष्ठावर उंदीर. या पुस्तकाला २०१० साली कॅल्डिकॉट पदक मिळालं, अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकांना यापेक्षा मोठा मान नाही. त्याआधी पाच पुस्तकांना त्याच पुरस्काराचं दुय्यम स्थान मिळालं होतं. त्यांतलं एक जॉन हेन्रीचं. रेल्वेच्या बोगद्यात घणाने सुरुंगाची भोकं पाडणारा मजूर वाफेवरच्या ड्रिलशी शर्यत लावतो, जिंकतो आणि मरतो. ती दंतकथा आपल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगावी अशी आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

आता कोणी म्हणेल, प्राणी आणि कृष्णवर्णीय माणसं एकाच दमात? हाच तर जुना अपमान होता! बरोबर. माणसाला माकड करून काढणारे ते चित्रकार माकडाकडेही बघत नव्हते आणि माणसाकडेही. पिंकनीने दोन्हींकडे बघितलं. सिंहाची आयाळ कशी फिरते, उंदराचे पंजे दोरी कशी धरतात, हे जो तासन्‌तास बघतो, तो टबमनच्या कपाळावरची आठी आपल्या मनाने पुसत नाही. पेन्सिल आणि जलरंग तेच, शिस्त तीच. म्हणून मी म्हणतो की हे एकच काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. तिकिटावर चित्र आलं म्हणून कोणाचं काय बदललं? मान्य. टबमनचा चेहरा वीस डॉलरच्या नोटेवर आणणार, अशी घोषणा २०१६ साली झाली, ती नोट अजून निघालेली नाही. चित्राने हक्क मिळत नाहीत. पण उलटं मात्र घडतं. खोट्या चित्राने हक्क नाकारणं सोपं होतं, हे आपण वर बघितलंच. म्हणून खरं चित्र हे काही सगळं नसलं तरी सुरुवात आहे.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? एक जुना संबंध आहेच. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. टबमन तेव्हा हयात होती. सातासमुद्रापलीकडच्या त्या लढ्यात जोतीरावांना आपल्या माणसांचं दुःख दिसलं. आणि त्यांच्या जयंतीला आपण काय करतो?

आपल्या कॉमन रूममध्ये जयंतीला फ्लेक्स लागतात. गेल्या तीन-चार वर्षांतले आठवून बघा. जोतीराव असोत, सावित्रीबाई असोत, बाबासाहेब असोत, चेहऱ्याचा रंग दर वर्षी एक शेड उजळ होत चाललाय. सुरकुत्या गेल्या, गाल गुलाबी झाले. फ्लेक्सवाला मुद्दाम करत नाही, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे आणि गिऱ्हाईकाला 'छान' हवं असतं. गिऱ्हाईक म्हणजे आपणच की! उन्हातान्हात, शेणमातीचा मारा सोसत शाळेत जाणाऱ्या बाईला आपण क्रीमच्या जाहिरातीतली करून टाकली, आणि वर तिच्या नावाने घोषणा दिल्या. ज्या माणसांनी आयुष्यभर सांगितलं की कातडीवरून आणि जन्मावरून माणूस ठरत नाही, त्यांचीच कातडी आपण बदलायची?

आता तर मोबाइलवर नाव टाइप केलं की अर्ध्या मिनिटात चित्र तयार. बॅनेकर मागा, मिळेल. पण त्याच्या पुढ्यातलं यंत्र १७९१चं आहे की कालचं, हे बघायची जबाबदारी कोणाची? हजारो जुन्या चित्रांवरून नवीन चित्र, म्हणजे बल्ब जरा मोठा झाला इतकंच, काच तीच. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. डग्लसनेही त्या काळचं नवीन तंत्रज्ञानच वापरलं होतं. पण त्याने ते साचा मोडायला वापरलं.

नुसतं बोलून थांबत नाही, होस्टेल समितीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, फोटोचा रंग बदलायचा नाही. जसा मिळाला तसा छापायचा, फाटका असेल तर फाटका. दोन, प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायची, हे कुठल्या फोटोवरून किंवा चित्रावरून घेतलं. फोटो नसेल तर 'काल्पनिक चित्र' असं स्पष्ट लिहायचं, त्यात कमीपणा नाही. आपण डेटाशीटचा सोर्स लिहितो, मग माणसाचा का नको? तीन, निदान भित्तीपत्रकावरचं एक चित्र दर वेळी होस्टेलमधल्या कोणीतरी हाताने काढायचं.

"आम्हाला येत नाही" हे चालणार नाही. सवयीसाठी आधी प्राणी काढा. मेसच्या दारातला तो कानतुटका कुत्रा, पाण्याच्या टाकीवरचं घुबड, लायब्ररीमागच्या झाडावरची वटवाघळं. कुत्रा पोझ देत नाही, हलतो, उठून जातो, म्हणून त्याच्याकडे खरंच बघावं लागतं. हात आपोआप वळेल. मग माणसाकडे या.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. ज्यांना हे पटतंय त्यांनी, आणि पटत नाही त्यांनी भांडायला, रविवारी मेस सुटल्यावर कॉमन रूममध्ये यावं. कार्ट्रिज पेपर मी आणतो. रंग ज्याचे त्याने आणा. आणि पांढरी ट्यूब घरीच ठेवा, ती फारशी लागणार नाही.

– अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी